शहराचा डीपी सुधारतो कसा, आणि अडतो कुठे

तुमच्या शहराची विकास योजना, म्हणजे डेव्हलपमेंट प्लॅन किंवा डीपी, कधी अमलात आली ते नगररचना विभागात विचारा आणि त्या सालात 20 मिळवा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 38 प्रमाणे तेवढ्या काळात एकदा तरी योजनेची सुधारणा व्हायला हवी. गरज असेल तर जमिनीच्या वापराचे सर्वेक्षण नव्याने करून, आणि पहिल्या वेळच्या सगळ्या पायऱ्या पुन्हा चढून. प्रत्यक्षात हे वेळापत्रक क्वचितच पाळले जाते. पुण्याच्या जुन्या हद्दीची योजना 1987 मध्ये मंजूर झाली आणि तिची सुधारित आवृत्ती 2017 मध्ये. मुंबईची पहिली योजना 1967 ची, दुसरी 1991 ते 1994 दरम्यान तुकड्यातुकड्यांनी मंजूर झालेली आणि तिसरी 2018 ची. मधल्या काळात शहर थांबत नाही. ते जुन्या नकाशाच्या बाहेर वाढत जाते, आणि नवा नकाशा आखायला घेतला की शाळेसाठी, मैदानासाठी, रस्त्यासाठी मोकळी जमीनच उरलेली नसते.

डीपी म्हणजे केवळ रंगीत नकाशा, असा समज आहे. खरे तर त्यात तीन गोष्टी एकत्र असतात. पहिली म्हणजे प्रस्तावित भूवापराचा नकाशा: कुठे रहिवास, कुठे उद्योग, कुठे शेती किंवा ना-विकास विभाग, कुठून किती मीटरचा रस्ता आणि कोणत्या जागेवर कशाचे आरक्षण, म्हणजे ती जागा शाळा, मैदान अशा कोणत्या सार्वजनिक कामासाठी राखून ठेवली आहे. दुसरी म्हणजे अहवाल. लोकसंख्येचा अंदाज, सुविधांची तूट, खर्च आणि टप्पे त्यात मांडलेले असतात. लोक तो उघडून पाहत नाहीत, पण नकाशातली प्रत्येक रेघ का आली याचे उत्तर तिथेच सापडते. तिसरी म्हणजे बांधकामाची नियमावली. डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर एकच एकत्रीकृत नियमावली लागू आहे. त्यामुळे बहुतेक शहरांच्या सुधारित डीपीत खरी निवड उरते ती विभाग, आरक्षणे आणि रस्ते यांचीच.

यातल्या रस्त्याच्या रुंदीकडे लोकांचे फार दुर्लक्ष होते. नव्या नियमावलीत चटई क्षेत्र निर्देशांक म्हणजे एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) रस्त्याच्या रुंदीला बांधलेला आहे. मोठ्या महापालिकांत दाट वस्तीच्या बाहेर मूळ एफएसआय 1.10 आहे. 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर तो साधारण तेवढ्यावरच थांबतो, तर 30 मीटर आणि त्याहून रुंद रस्त्यावर अधिमूल्य (पैसे भरून मिळणारे जादा बांधकाम) आणि टीडीआर (दुसऱ्या जमिनीच्या बदल्यात मिळालेले, हस्तांतर करता येणारे बांधकामाचे हक्क) मिळून 3.00 पर्यंत जातो. म्हणजे नकाशावर 12 मीटरचा रस्ता 18 मीटर दाखवला की फक्त वाहतुकीचा प्रश्न बदलत नाही. त्या रस्त्यालगतच्या प्रत्येक प्लॉटवर किती मजले होतील, किती पाणी लागेल आणि ड्रेनेजवर किती भार येईल, हे सगळेच बदलते. ही वाढ पेलायला जलवाहिनी आणि मलवाहिनी कुठून आणणार, याचे उत्तर अहवालात असायला हवे. ते नसेल तर ती एक चांगली हरकत आहे.

काम सुरू होते ते योजना तयार करण्याचा इरादा जाहीर करण्यापासून. सर्वसाधारण सभा ठराव करते, कलम 23 खाली राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना येते, नगररचना अधिकारी नेमला जातो. पुढच्या सहा महिन्यांत विद्यमान भूवापर नकाशा तयार करायचा असतो, म्हणजे आज प्रत्येक जमिनीवर खरोखर काय आहे त्याची नोंद. त्यावर आधारित प्रारूप योजना इराद्याच्या सूचनेपासून दोन वर्षांत प्रसिद्ध करायची असते. शासन मुदतवाढ देते, आणि ती बहुतेक ठिकाणी घेतली जाते.

पाहणी चुकली की पुढचे सगळे चुकते

विद्यमान भूवापर नकाशा हा सगळ्यात कंटाळवाणा टप्पा आहे आणि सगळ्यात निर्णायकही. मुंबईत 2015 च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या प्रारूपात वारसा वास्तू, प्रार्थनास्थळे आणि चालू वापरातल्या इमारती चुकीच्या दाखवल्या होत्या, काही रस्ते उभ्या इमारतींवरून गेले होते. एप्रिलमध्ये ते प्रारूप बाजूला ठेवण्याचा आदेश निघाला. सुधारित प्रारूप 2016 मध्ये आले आणि अंतिम योजना 1 सप्टेंबर 2018 पासून लागू झाली. पाहणीतल्या चुका निस्तरायला तीन वर्षांहून अधिक काळ गेला.

अशा चुका का होतात? उपग्रह प्रतिमा किंवा ड्रोनचे छायाचित्र आजचे असते, पण सर्व्हे नंबरच्या हद्दी जुन्या साखळी मोजणीच्या गाव नकाशांतून घेतलेल्या असतात. दोन्ही एकावर एक बसवताना काही मीटरची तफावत राहते. कागदावर ही तफावत दिसतही नाही. 15 मीटरच्या रस्त्याची मध्यरेषा 4 मीटर सरकली की मात्र एका बाजूच्या घरांचा व्हरांडा जातो आणि समोरच्या बाजूला हातही लागत नाही. दुसरे कारण म्हणजे वरून न कळणारा वापर. मुले ज्या पडीक जागेवर वीस वर्षे खेळत आली ती छायाचित्रात 'रिकामी जमीन' दिसते. स्लॅब टाकून झाकलेला ओढा दिसतच नाही. पावसाळ्यात पाणी साठणारा सखल भाग मे महिन्यातल्या प्रतिमेत कोरडा आणि बांधकामाला योग्य वाटतो.

म्हणून प्रभागातल्या लोकांनी उठायची खरी वेळ हीच. प्रारूप येईपर्यंत थांबू नये. आपल्या भागातले ओढे, नाले, विहिरी, स्मशानभूमी, आठवडे बाजाराची जागा, वापरातली मैदाने यांची यादी सर्व्हे किंवा गट नंबरसह करून लेखी द्यावी आणि आवक क्रमांक घ्यावा. सर्वेक्षणाच्या वेळी दिलेला एक कागद सुनावणीतल्या दहा मिनिटांच्या युक्तिवादापेक्षा अधिक कामाचा ठरतो.

नद्यांच्या बाबतीत पूररेषा तपासावी. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये ते अटींवर होते, जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर उंच ठेवून. या रेषा जलसंपदा विभाग आखतो. मोठ्या नद्यांच्या रेषा बऱ्याच ठिकाणी आहेत, पण शहरात शिरणाऱ्या लहान ओढ्यांच्या सहसा नसतात, आणि पाणी घरात शिरते ते अनेकदा त्याच ओढ्यांतून.

माणसे किती येणार, यावर सगळे गणित

डीपी पुढच्या वीस वर्षांचा असतो. म्हणून आधी लोकसंख्येचा अंदाज काढतात, आणि नगररचनाकाराने कोणती पद्धत घेतली यावर सगळे आकडे हलतात. समजा, एका शहराची लोकसंख्या 2001 मध्ये 2 लाख आणि 2011 मध्ये 3 लाख होती. दर दशकात 1 लाख वाढ धरली तर 2041 मध्ये 6 लाख होतील. दर दशकात दीडपट वाढ धरली तर त्याच साली 10 लाख 12 हजारांहून जास्त. दोन्ही पद्धती मान्य आहेत आणि दोन्हींचा पाया एकाच जनगणनेचा आहे. फरक मात्र 4 लाखांहून अधिक माणसांचा, म्हणजे माणशी रोजी 135 लिटरने साडेपाच कोटी लिटर पाण्याचा.

त्यात 2021 ची जनगणना वेळेवर झाली नाही. त्यामुळे अलीकडची प्रारूपे 2011 च्या आकड्यांवर उभी आहेत. ज्या शहराशेजारी या काळात औद्योगिक वसाहत किंवा महामार्ग आला, तिथे हा पाया फारच जुना आहे. चांगला अहवाल मतदार यादी, नळजोडण्या, वीजमीटर आणि शाळेतली पटसंख्या पाहून अंदाज ताडून घेतो. तुमच्या शहराच्या अहवालात असे काही आहे का, ते पाहावे.

अंदाज ठरला की मानके लावायची. वाढणाऱ्या 1 लाख लोकांसाठी हिशोब असा पडतो. रोज माणशी 135 लिटर म्हणजे 1 कोटी 35 लाख लिटर पाणी, आणि त्यातले सुमारे 80 टक्के सांडपाणी म्हणून परत येते, म्हणजे 1 कोटी 8 लाख लिटरचे शुद्धीकरण केंद्र. दर 5,000 लोकांमागे 0.40 हेक्टरची एक प्राथमिक शाळा धरली तर 20 शाळा आणि 8 हेक्टर. मोकळ्या जागा केंद्राच्या मार्गदर्शक सूत्राप्रमाणे माणशी 10 चौरस मीटर धरल्या तर 100 हेक्टर, म्हणजे जवळपास 247 एकर. रस्ते, दवाखाने, बाजार आणि कचरा प्रक्रिया केंद्राची जमीन याहून वेगळी.

हा हिशोब आरक्षणांच्या यादीत उतरतो. प्रत्येक आरक्षणाला क्रमांक असतो, कशासाठी ते असते, क्षेत्रफळ असते आणि ती जमीन ताब्यात कोणी घ्यायची ते असते: महापालिका, आरोग्य विभाग, परिवहन महामंडळ, जो कोणी असेल तो. शेवटचा रकाना नीट वाचा. दुसऱ्या खात्याच्या नावावर टाकलेले आरक्षण बहुधा कोणीच ताब्यात घेत नाही. पालिकेला वाटते ते खात्याचे काम, आणि खात्याच्या अंदाजपत्रकात त्याचा उल्लेखही नसतो.

जमीन ताब्यात आली नाही तर आरक्षण कागदावरच राहते

डीपीचे खरे दुखणे इथे आहे, आणि सुधारणेच्या वेळी त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिले जाते. वरच्या 247 एकरांचा बाजारभाव समजा एकरी 1 कोटी आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे शहरी भागात बाजारभावावर 100 टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते, म्हणजे फक्त मोकळ्या जागांसाठी सुमारे 494 कोटी रुपये. लहान नगर परिषदेला ही रक्कम पुढच्या वीस वर्षांतही उभी करता येणार नाही.

म्हणून 1966 च्या नगररचना अधिनियमातल्या कलम 126 मध्ये पैशाऐवजी टीडीआर देण्याचा मार्ग ठेवला आहे. मालकाने जमीन दिली की त्याबदल्यात त्याला दुसरीकडे वापरण्याचे किंवा विकण्याचे बांधकामाचे हक्क मिळतात. दाट वस्तीत जमिनीच्या 3 पट, बाहेर 2 पट. पुणे, ठाणे, नाशिक अशा शहरांत हे चालते, कारण जादा एफएसआय विकत घेणारे बिल्डर तिथे आहेत. तालुक्याच्या गावात मूळ एफएसआयच कोणी पुरता वापरत नाही, तिथे टीडीआरच्या प्रमाणपत्राला गिऱ्हाईक मिळत नाही आणि मालक जमीन देत नाही. तिसरा मार्ग समावेशक आरक्षणाचा. मालक भाजी मंडई किंवा वाचनालय ठरलेल्या क्षेत्रात बांधून पालिकेला मोफत देतो आणि उरलेल्या भागात स्वतःचे बांधकाम करतो. बाजार आणि पार्किंगसाठी हा मार्ग चांगला आहे. मैदानासाठी नाही, कारण मैदानावर इमारत आली की मैदान उरत नाही.

चौथा मार्ग नगररचना परियोजनेचा, म्हणजे टीपी स्कीमचा. आमच्या मते वाढत्या शहराच्या कडेला हाच सगळ्यात न्याय्य मार्ग आहे. एखाद्या पट्ट्यातल्या सगळ्या जमिनी एकत्र धरून रस्ते आणि सुविधांची जागा सर्वांकडून ठरल्या प्रमाणात घेतली जाते, आणि प्रत्येकाला लहान पण रस्त्यावरचा, नीट आकाराचा प्लॉट परत मिळतो. एकाचे पूर्ण शेत आरक्षणात आणि शेजाऱ्याचे पूर्ण शेत रहिवास विभागात, असा अन्याय यात होत नाही. मुंबईत वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले हे भाग जुन्या टीपी स्कीममधूनच आखले गेले. नवी मुंबईजवळच्या नैना क्षेत्रात आज हीच पद्धत वापरली जाते. मात्र यात लवादाचे काम, मालकांच्या सुनावण्या आणि मोजणी याला वेळ लागतो. म्हणून डीपी तयार होत असतानाच कुठल्या पट्ट्यात टीपी स्कीम करायची ते ठरलेले असावे.

यातला कोणताच मार्ग वेळेत वापरला नाही तर कलम 127 लागू होते. अंतिम योजना अमलात आल्यापासून 10 वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक हक्काच्या कागदपत्रांसह नोटीस देऊ शकतो. नोटीस मिळाल्यापासून 24 महिन्यांत ती जमीन संपादन झाली नाही किंवा संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते, आणि लगतच्या जमिनीवर जे बांधायला परवानगी आहे तेच तिथेही बांधता येते. पालिकेने सभेत ठराव केला, जिल्हाधिकाऱ्यांना प्रस्ताव पाठवला, एवढ्याला 'पावले' म्हणत नाहीत. संपादनाची घोषणाच व्हायला हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये गिरनार ट्रेडर्स खटल्यात स्पष्ट केले.

मालकाच्या बाजूने पाहिले तर हे कलम योग्यच आहे. कोणाची जमीन फुकट अडकवून ठेवणे बरे नव्हे. पण पालिकेने नोंदवही ठेवली नाही तर नोटीस टेबलावर पडून राहते, दोन वर्षे सरतात आणि बागेची जागा जाते. म्हणून सुधारित डीपीचे काम सुरू करताना पहिला कागद हवा तो जुन्या योजनेचा ताळेबंद: आरक्षणे किती होती, किती ताब्यात आली, किती विकसित झाली, किती व्यपगत झाली, किती जागांवर घरे उभी राहिली. हा तक्ता नसलेला अहवाल आला तर तो मागायलाच हवा. जुन्या योजनेतला थोडाच भाग हाती लागला असेल, तर नव्या नकाशावर त्याहून जास्त हिरवे ठिपके काढून काही साधणार नाही.

हद्दवाढीचा गुंता

नवी गावे शहरात येतात तेव्हा त्यांची विकास योजना नसते. ती होईपर्यंत प्रादेशिक योजनेतले विभागच चालू राहतात. पुण्यात 1997, 2017 आणि 2021 मध्ये गावे आली. 1997 मध्ये आलेल्या गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण ठेवायचे की नाही, याचा निकाल लागायला 2015 उजाडले. अशा काळात शेतजमिनी गुंठ्यागुंठ्याने विकल्या जातात. रेखांकनाच्या, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडण्याच्या नियमात साधारण एक एकर, म्हणजे 4,000 चौरस मीटर आणि त्यापुढच्या जमिनीला 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते. तुकडे त्याहून लहान केले किंवा परवानगीच घेतली नाही, तर मोकळी जागा कधीच सुटत नाही. पुढे 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली घरे नियमित होतात, पण राहिलेला रस्ता आणि राहिलेली शाळा त्यातून परत येत नाही. यावर उपाय एकच. हद्दवाढीची अधिसूचना निघताच त्या भागासाठी इरादा जाहीर करावा आणि मुख्य रस्त्यांची आखणी सगळ्यात आधी करावी.

हरकत लिहिताना

प्रारूप प्रसिद्ध झाले की हरकती व सूचनांची मुदत सुरू होते. किती दिवसांची ते सूचनेतच छापलेले असते आणि मुदतीनंतर आलेल्या अर्जाची दखल घेण्याचे बंधन नसते. प्रसिद्धीपासूनच बांधकाम परवानगी देताना प्रारूपाचाही विचार करावा लागतो, म्हणून 'अजून अंतिम कुठे झालंय' म्हणून बसून राहू नये. पुण्यात 2013 च्या प्रारूपावर 80 हजारांहून अधिक हरकती आल्या होत्या. इतक्या ढिगात आपला कागद वाचला जावा, तर तो नेमका हवा.

गाव, सर्व्हे किंवा गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, नकाशाचा पत्रक क्रमांक, आरक्षण क्रमांक आणि काय बदल हवा ते पहिल्या चार ओळींत लिहा. त्याखाली कारण आणि शक्य असेल तर पर्याय. 'आमच्यावर अन्याय झाला' असे लिहिण्याऐवजी 'गट नंबर अमुकमधील 18 मीटर रस्ता मंजूर रेखांकनातील 9 मीटर रस्त्यावरून नेल्यास इतकी बांधकामे वाचतात, सोबत मंजूर नकाशा जोडला आहे' असे लिहिले तर समितीला निर्णय घेता येतो. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या प्रती, छायाचित्रे जोडा. आवक शिक्क्याची प्रत जपून ठेवा. एकाच मजकुराच्या शेकडो झेरॉक्स प्रती दिल्या तर त्या एकत्र करून एकाच सुनावणीत निकाली निघतात. त्यापेक्षा वेगवेगळे मुद्दे मांडणारे दहा अर्ज बरे.

आणखी एक गोष्ट, जी जवळजवळ कोणी करत नाही: चांगल्या आरक्षणाच्या बाजूनेही लेखी सूचना द्या. ज्याची जमीन मैदानात गेली तो हरकत घेणारच, तो त्याचा हक्क आहे. पण ज्या हजार घरांना ते मैदान हवे आहे त्यांच्यातला एकही कागद फाइलमध्ये नसेल, तर समितीसमोर एकच बाजू उरते आणि आरक्षण उठते.

सुनावणी नियोजन समिती घेते. तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचनेची किंवा पर्यावरणाची जाण असलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. वकील लागत नाही. समितीच्या अहवालानंतर बदल केलेली योजना पुन्हा प्रसिद्ध होते आणि मग शासनाकडे जाते. या टप्प्यावर लोकांचे लक्ष उडालेले असते, म्हणून कोणते आरक्षण कुठे सरकले किंवा गायब झाले, ते मूळ प्रारूपाशेजारी ठेवून क्रमांकाने तपासा.

शासन बहुतेक योजना सरसकट मंजूर करत नाही. ज्या बदलांनी योजनेचे स्वरूपच पालटते ते 'सारभूत फेरबदल' म्हणून वेगळे काढले जातात. तो भाग मुख्य मंजुरीतून वगळून त्यावर पुन्हा हरकती मागवतात. राजपत्रातल्या तक्त्यात या नोंदी क्रमांकासह असतात. तुमची जमीन त्यात असेल तर तुमच्यासाठी योजना अजून अंतिम झालेली नाही आणि हरकतीची आणखी एक संधी आहे. अंतिम झाल्यानंतरही कलम 37 खाली एकेका जागेचे किरकोळ फेरबदल होत राहतात. त्यांची सूचना वर्तमानपत्रात लहान टायपात येते. एका मोठ्या डीपीतून वाचलेले मैदान अशा चार ओळींच्या सूचनेतून जाऊ शकते.

योजना अमलात आली की ती तारीख लिहून ठेवा, आणि दरवर्षी पालिकेच्या अंदाजपत्रकात आरक्षणे ताब्यात घेण्यासाठी आणि डीपी रस्त्यांसाठी किती रक्कम ठेवली ते पाहा. पहिल्या पाच वर्षांत शाळा, पाण्याच्या टाक्या, शुद्धीकरण केंद्र आणि मुख्य रस्त्यांची जमीन हाती यायला हवी. नवव्या वर्षी प्रभागातल्या उरलेल्या आरक्षणांची यादी माहितीच्या अधिकारात मागवा. कोणती जागा कुणाच्या नावावर आहे, संपादनाचा प्रस्ताव कुठे अडला आहे आणि कलम 127 ची नोटीस आली आहे का, हे तीन रकाने त्यात असावेत. नोटीस आलेली असेल, तर ज्या दिवशी ती पालिकेत पोचली तिथून 24 महिने मोजायचे.